घेण्याआधी विकायला जा

एकदा एक वृद्ध दलाल शेअर बाजाराच्या रिंगणाबाहेर बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. आत काय कल्लोळ म्हणून सांगू! संगणक यायच्या आधीचा तो काळ. सौदे तोंडाने आणि हातांनी होत. तळहात छातीकडे वळवला की ‘घेतो’, समोर धरला की ‘देतो’. भाषा एवढीच, पण बघणाऱ्याचं रक्त उसळावं!

त्यांचा शिष्य मुकुंद धापा टाकत बाहेर आला. “तात्या, तो सायकल कारखान्याचा शेअर! काल साठ होता, आत्ता पंच्याऐंशी! घरासाठी साठवलेले सतरा हजार आहेत, दोनशे शेअर येतील. लवकर हो म्हणा, शंभरी गाठतोय तो!”

तात्या शांतपणे म्हणाले, “आत जा आणि दोनशे विकायचे असतील तर काय भाव मिळेल ते विचार.”

“विकायचे? अहो, माझ्याजवळ एकही नाही!”

“नुसतं विचार रे. विचारायला पैसे पडत नाहीत.”

म्हातारा चळला की काय, असं पुटपुटत मुकुंद रिंगणात घुसला. “सायकल! दोनशे! कितीला घ्याल?”

मघाशी कानठळ्या बसवणारी मंडळी एकदम चिडीचूप. शेवटी एकजण म्हणाला, “बासष्ट.” दुसरा म्हणाला, “एकसष्ट, तेही पन्नासच घेईन.” मुकुंद धावत तात्यांकडे परतला.

“तात्या, पंच्याऐंशी गेले कुठे?”

“अरे, तो देणाऱ्यांचा भाव. त्या भावाने पाचदहा शेअर खपले असतील, तेवढ्यावर ही आरोळी. प्रत्येक शेअरला एकाच वेळी दोन भाव असतात, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. दोन्ही जवळजवळ असले, तर हवं तेव्हा बाहेर पडता येतं. इथे मधे तेवीस रुपयांची दरी आहे. सौदा होताक्षणी तुझे साडेचार हजारांहून जास्त गेले असते बाबा, आणि चोर म्हणून कोणाचं नावही घेता आलं नसतं.”

इतक्यात एक विक्रेता मुकुंदला शोधत बाहेर आला. “अहो, मघाशी पंच्याऐंशीचा भाव विचारून गेलात, घेणार होतात ना? पंच्याऐंशी राहू द्या, ऐंशीला देतो! बरं, तुमच्यासाठी सत्तर! आता तरी घ्या!”

सत्तर ऐकून मुकुंदला पुन्हा मोह झाला. पण या वेळी त्याने घाई केली नाही.

“सत्तरला घेतो. उद्या मला विकायचे झाले, तर तुम्ही कितीला परत घ्याल?”

विक्रेता आल्या पावली आत निघून गेला.

मंडळी, चढता भाव ऐकून हात शिवशिवू लागले, की आपणही हाच प्रश्न विचारावा.