सर्जेरावाची पाठ

एका गावात एक घर होतं, आणि त्या घराचं दार फार बुटकं होतं. घरातली माणसंही बेताच्या उंचीची, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. अडलं ते सर्जेरावाचं. हा पोरगा एका वर्षात असा काही वाढला की विजार घोट्याच्या वर गेली आणि कपाळ रोज चौकटीवर आपटायला लागलं.

आई चुलीपासूनच ओरडायची, "वाक रे बाबा, वाक!"

सर्जेराव वाकला. पण गडी असा वाकला की दाराबाहेर आल्यावरही वाकलेलाच! शाळेत वाकून, बाजारात वाकून, जेवताना तर नाक आमटीत. त्यात पोरं "उंट, उंट" म्हणून चिडवायची, की हा आणखी थोडा खाली.

या गावाला फुटबॉलचं भारी वेड. संघ तालमीचा, आणि कुस्ती शिकवणारे वस्तादच फुटबॉलही शिकवायचे. शेजारच्या गावाशी दरसाल सामना व्हायचा. त्यात आपण खेळावं, एवढं एकच सर्जेरावाच्या मनात होतं. चेंडू पायात आला की तो भल्याभल्यांना चकवायचा. पण अर्ध्या मैदानातच धापा टाकत बसकण मारायचा.

वस्तादांनी एकदा त्याला पळताना निरखून पाहिलं आणि म्हणाले, "लेका, आधी पाठ नीट कर. मग संघात घेतो."

सर्जेराव उड्या मारतच घरी गेला. कुठूनसं खेळाच्या नियमांचं पुस्तक पैदा केलं आणि घोकायला बसला. वाकूनच, अर्थात.

पुढच्या आठवड्यात तालमीत हजर. "वस्ताद, झालं पाठ!"

"बघू."

सर्जेरावाने हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यास तो दोन्ही हातांनी, डोक्यावरून, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून…"

पैलवान हसून हसून मातीत लोळले. वस्तादांनी कपाळावर हात मारला.

"आरं गाढवा, ते पाठ नव्हं! ही पाठ!" आणि दिला एक धपाटा पाठीत. "छाती अशी दुमडून ठेवलीस तर श्वास मावंल कुठं? मग दम टिकंल कसा?"

सर्जेरावाचे डोळे भरून आले. "पण वस्ताद, सरळ झालो की उंट दिसतो हो मी."

"दिस की! उंट वाळवंट पार करतोय. तुला मैदान पार होईना!"

त्या दिवसापासून कसरत सुरू झाली. टाचा, खांदे, डोकं भिंतीला लावून उभं राहायचं. पोटाचे, पाठीचे व्यायाम करायचे. पहिल्यांदा अंग असं ठणकलं की आई रात्री तेल चोळताना वस्तादांना शिव्या घालायची. पण पावसाळा सरेपर्यंत सर्जेराव धाप न लागता मैदानभर पळायला लागला, आणि वस्तादांनी शब्द पाळला.

शेजारच्या गावाशी सामना लागला. तो अगदी संपत आला, तरी गोल बरोबरीतच. आपल्या गावाला कॉर्नर मिळाला. समोरचे लोक कोकलले, "उंट! उंट!" आणि सर्जेरावाची मान आपोआप आत जायला लागली. तेवढ्यात चेंडू उंचावरून थेट त्याच्या डोक्याच्या रोखाने आला!

गर्दीतून आई किंचाळली, "वाक रे बाबा, वाक!"

वस्ताद गरजले, "सर्जेराव, पाठ!"

गुडघे सवयीने वाकलेसुद्धा होते. पण दात-ओठ खाऊन त्याने पाठ सरळ केली, होती नव्हती ती सगळी उंची वापरून उडी मारली, आणि ठण्णकन कपाळाने चेंडू जाळ्यात!

मग काय विचारता! आता आपलंच गाव "उंट, उंट" करत नाचायला लागलं. त्याला खांद्यावर बसवून वाजतगाजत घरापर्यंत आणलं.

आई बिचारी ओशाळली होती. "जळो मेली माझी जीभ! आता तुला जन्मात वाक म्हणायची नाही."

सर्जेराव छाती काढून, मान वर करून घरात शिरला.

ठण्ण!

कपाळ चोळत तो खाली बसला. आईने घाबरून वस्तादांकडे पाहिलं, "आता म्हणू का नको?"

"दारात म्हणा की, वहिनी," वस्ताद हसत म्हणाले. "फक्त दारातच म्हणा."

तात्पर्य: दार बुटकं असेल तर दारापुरतं वाकावं, बाहेर पडल्यावर पाठ सरळ करायला विसरू नये.