नशिबाला कुलूप

मिरजेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रेवतीने दर रविवारी पत्त्यांची लीग सुरू केली. पत्त्यांवर राक्षस, जादूगार, किल्ले. ज्याने त्याने आपापला गठ्ठा जुळवून आणायचा आणि लढायचं.

चौथ्याच रविवारी चेअरमन घाटपांडेकाका कुलूप घेऊन हजर!

"पत्ते म्हणजे निव्वळ नशीब. म्हणजे जुगारच! उद्यापासून हॉल बंद."

रेवती म्हणाली, "काका, आमच्या सहावीतल्या ऋद्धीशी तीन डाव खेळा. एक जरी जिंकलात, तर कुलूप मीच लावते."

"चल! नशिबाच्या खेळात शिकायचंय काय?" पाच मिनिटांत नियम ऐकून, रेवतीचा गठ्ठा घेऊन काका बसले आणि पहिला डाव हरले.

"हिचे पत्तेच भारी!"

ऋद्धीने आपला गठ्ठा त्यांना दिला, त्यांचा स्वतः घेतला. काका पुन्हा हरले.

"ही खुर्चीच पनवती आहे!"

खुर्च्याही बदलल्या. तिसरा डावही ऋद्धीचाच! हॉल हसून लोटपोट.

रेवती अदबीने म्हणाली, "काका, पत्ते तुमच्याकडे आले, खुर्चीही आली. आता नशीब कुठे बसलंय तेवढं दाखवा, त्याला कुलूप लावू."

काकांनी कुलूप खिशात टाकलं आणि ते ऋद्धीकडे वळले, "तो किल्ला नेमका कधी टाकायचा गं?"