फक्त ॲडमिन

"पण बाबा, हजार माणसं पाठीशी असताना मी नगरपालिकेला उभं का राहू नये?"

गुणवंत ठोसरने हे विचारलं तेव्हा तो मठाच्या पायऱ्या पुरत्या चढलाही नव्हता. एक चप्पल पहिल्या पायरीवर पडली होती, दुसरी कुठे गेली ते त्यालाही ठाऊक नसावं.

सोमपुरीबाबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. त्यांच्यासमोर बसून मीही तेच करत होतो, म्हणून पुढचं सगळं मला पाहायला मिळालं.

"नको राहू असं म्या कधी म्हनलं?" बाबा म्हणाले. "बस. शेंगा खाय."

"बसायला वेळ कुठं आहे बाबा! आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीन वाजता बंद. सूचक कचेरीत जाऊन बसलाय. मी फक्त तुमच्या पाया पडायला आलो."

दोन वाजून गेले होते. मठ गावाबाहेरच्या टेकाडावर, आणि तहसील कचेरी गावाच्या पार पलीकडच्या टोकाला.

गुणवंतचं चिंचखेड्यात झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. पण दुकान चालवायचा त्याचा भाऊ. हा लढायचा. स्टँडवर पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग विकली की हा तिथे उभा. पाकिटावर तारीख नसली की हा तिथे उभा. माणूस खरोखर धडपड्या. मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि तो बोलायला लागला की कंटाळाही यायचा.

त्या महिन्यात तर त्याने मैदानच मारलं होतं. नेटवाल्या कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन गावाची लाइन आठवडेच्या आठवडे बंद ठेवली होती. गुणवंत जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात गेला, पेपरात आला आणि शेवटी कंपनीला नमवून, तडजोडीवर सही करून परत आला. बाजारपेठेत फटाके वाजले. कुणीतरी त्याच्या गळ्यात हारही घातला.

"कंपनी झुकली, बाबा! एवढी मोठी कंपनी!" तो ओट्यापुढे येरझारा घालत म्हणाला. "नेट म्हणजे आता चैन राहिलेली नाही. पाणी, वीज, तसं नेट. हे माझं मत मी पहिल्यापासून मांडत आलो. आणि निवडणुकीत पण हेच. नगरसेवक म्हणजे काय? दुकानदार. मतदार म्हणजे ग्राहक. माल खराब निघाला तर जाब विचारलाच पाहिजे!"

"बरोबर हाय," बाबा म्हणाले.

"माझा ग्रुप आहे ना, 'जागृत ग्राहक'. तुम्हालाही घेतलंय त्यात."

"हो. येते रोज सकाळी. वाचतो मी."

"दोन वर्षं रोज माझं मत टाकतोय. नेटवर, मालावर, राजकारणावर. हजार माणसं वाचतात. आणि आजपर्यंत एकानं विरोध केलेला नाही. एकानंही नाही, बाबा!"

"एकानंबी नाई?"

"नाही!"

बाबांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता, तरी नीट पाहून घेतलं.

"हजार मानसं. अन् कोनाचंच काई म्हननं नाई…" ते म्हणाले. "आमी या मठात तिघं राहतो. रोज भाजीवरून भांडन होते."

मी हसलो. गुणवंतही हसला, पण घड्याळाकडे पाहत. मग पटकन वाकून त्याने बाबांचे पाय धरले.

"आशीर्वाद द्या बाबा. निघतो."

"देतो ना. पन असा कोपऱ्यात काहून देऊ? हजार मानसाईच्या समोर देतो. तुया ग्रुपवरच लिवतो."

गुणवंतचे डोळे लकाकले. बाबांना मानणारी घरं गावात कमी नव्हती.

"लिहा! लिहाच बाबा! अख्खा वॉर्ड वाचेल!"

बाबांनी कफनीच्या खिशातून फोन काढला. चष्मा चढवला. ग्रुप उघडला. मग अंगठा काचेवर खाली नेला, वर नेला, पुन्हा खाली नेला.

"लिवाची जागा कुठी हाय रे?"

गुणवंत पुढे झुकला.

बाबांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून तिथली बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. "'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात.' हा ॲडमिन कोन?"

"…मी."

"आनखी कोन?"

"मीच."

मी शेंगा फोडायचं थांबवलं.

"सोयीसाठी केलंय बाबा ते," गुणवंत घाईघाईने म्हणाला. "लोक काहीही टाकतात हो. गुड मॉर्निंगची फुलं, देवाचे फोटो, कुणाची गाय हरवली, कुणाला जुना कूलर विकायचाय. कामाचं राहून जातं. तुम्ही असं करा, आशीर्वाद मला सांगा, मी तुमच्या नावानं टाकतो."

"अन् म्या आशीर्वाद नाई देला तर? तेबी टाकशील?"

गुणवंतने पुन्हा घड्याळ पाहिलं.

"बरं, ते राहू दे," बाबा म्हणाले. "तू शाळेत पोराईले ग्राहकाचे हक्क शिकवतं म्हनते लोक. मलेबी शिकव."

हा त्याचा लाडका विषय. एवढ्या घाईतही तो खुलला. मूठ मिटून हात पुढे धरला आणि एकेक बोट उघडू लागला, जसा तो पोरांपुढे उघडत असणार.

"पहिला, सुरक्षिततेचा हक्क! दुसरा, माहितीचा हक्क! तिसरा, निवड करण्याचा हक्क! चौथा, आपलं म्हणणं…"

तो थांबला. चौथं बोट अर्धवट उघडलेलं, हवेतच राहिलं.

"पुढं?" बाबांनी विचारलं.

"…आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क."

बाबांनी एक दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

मला वाटलं, आता हा रागावून निघून जाईल. मी असतो तर गेलो असतो. पण गुणवंत गर्विष्ठ असला तरी खोटा नव्हता. त्याने आपला फोन काढला.

"खुला करतो," तो म्हणाला. "आत्ता, तुमच्यासमोर करतो. पाहाच तुम्ही बाबा, ही माणसं माझी आहेत."

त्याने दोनतीनदा बोट दाबलं आणि फोन ओट्यावर आमच्यामध्ये ठेवला.

आम्ही तिघेही त्या फोनकडे पाहत बसलो.

काहीच झालं नाही…

गुणवंतच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू परतलं. "पाहिलंत? मी म्हटलं नव्हतं? कुणाचं काही म्हणणंच…"

फोन किणकिणला.

"चालू झाला काय?" कुणीतरी लिहिलं होतं.

मग दुसऱ्याने लिहिलं, "हॅलो." तिसऱ्याने लिहिलं, "हॅलो हॅलो, येऊन राहिलं काय माझं?" त्यावर चौथ्याने भरदुपारी गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल पाठवलं.

बाबा खदखदून हसले. आणि मग धरणाचं दार उघडावं तसं झालं! फोन ओट्यावर थरथरत सरकायला लागला, मी तो शेंगांच्या ढिगाला अडवून ठेवला. नळाला गढूळ पाणी. रेशनचं दुकान उघडत नाही. गुणवंतभाऊ जिंदाबाद. गुणवंतभाऊ, कूलरबद्दलचं तुमचं मत साफ चूक आहे, मी स्वतः मेकॅनिक आहे. तुमच्या दुकानात फॉर्मचे जास्त घेतात, आधी ते पाहा. त्यावर दुसरा कुणी भांडला, की नाही घेत. माझी गाय सापडली, सर्वांचे आभार.

गुणवंत भराभर वाचत होता. तोंड लाल झालं, मग पांढरं पडलं. मध्येच एकदा त्याला हसूही आलं. मला तर उगाच उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. एवढी माणसं या फोनमध्ये दोन वर्षं गप्प बसून होती!

तेवढ्यात गुणवंतचं बोट लागून एका बाईचा आवाज सुरू झाला. तिने लिहिण्याऐवजी बोलून पाठवलं होतं.

"गुणवंतभाऊ, मी चंद्रकला, भोईपुऱ्यातून. गावात नेट आलं, आमच्याकडे नाई आलं. पोराईची अभ्यासिका बंद पडली हाय, परीक्षा तोंडावर आली. कंपनीवाले म्हनतात, तुमच्या गुणवंतभाऊनं सही करून देली, अख्ख्या गावाची तक्रार मिटली. आज त्यायची मानसं आली, खांबावरचा नेटचा डबाच काढून नेतो म्हनतात. शिडी लावून रायले पाहा. कोनी ऐकत असन तर गुणवंतभाऊले सांगा हो…"

गुणवंतने ते पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. भोईपुरा त्याच्याच वॉर्डात होता.

"मी विचारलं होतं," तो अगदी हळू म्हणाला. "सही करायच्या आधी मी ग्रुपवर विचारलं होतं. कुणाची काही तक्रार राहिली आहे का म्हणून. एक दिवस वाट पाहिली. कुणी काही म्हटलं नाही. म्हणून मी…"

त्याचं त्यालाच ऐकू आलं.

बाबा त्याच्याकडे पाहत होते, पण त्या नजरेत टोमणा नव्हता.

मग गुणवंत एकदम उठला. कंपनीच्या साहेबाला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "मी स्वतः तिथं जाऊन मागे घेतो म्हटलं, लिहून दिलं, तरच ती माणसं खाली उतरतील. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत." त्याने घड्याळ पाहिलं. "अडीच वाजले!"

टेकाडावरून दोन्ही रस्ते दिसत होते. डावीकडचा कचेरीकडे जाणारा, उजवीकडचा भोईपुऱ्याकडे. एका जागी पोचलं की दुसरीकडे वेळेवर पोचणं नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

फोन अजून किणकिणतच होता. गुणवंतने तो उचलला. त्याचा अंगठा त्या जुन्या जागी गेला, जिथून ग्रुप पुन्हा बंद करता आला असता. अंगठा तिथे जरा थबकला… आणि बाजूला झाला.

"पाच वर्षं, बाबा!" तो जवळजवळ ओरडलाच. "आज चुकलं तर पुन्हा पाच वर्षं! मी निवडून आलो तर भोईपुऱ्यासाठी किती तरी करीन. पण तो डबा… ती पोरं… बाबा, मला काही सुचेना. तुम्ही गुरू आहात माझे. तुम्ही म्हणाल तिकडे जातो. कचेरीत जाऊ की भोईपुऱ्यात?"

बाबांनी मांडीवरची टरफलं झटकली. गुणवंतची हरवलेली चप्पल पायरीखालून काठीने ओढून काढली आणि त्याच्या पायाशी सरकवली.

"मले काहून इचारतं, गुणवंता? मी का तुया वार्डातला मतदार आहो?"