शेणातल्या अळ्या आणि कोंबडी

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे रान संपून गायरान सुरू होते, तिथल्या गोठ्यात एक गाय आपल्या पंधरा दिवसांच्या वासराला घेऊन राहत असे. गाय मोठी टापटिपीची. अंगाला चिखलाचा शिंतोडासुद्धा तिला खपत नसे. एकदा वासराच्या पायात बाभळीचा काटा घुसला. काटा निघाला, पण जखम राहिली आणि तिच्यावर माश्या घोंगावू लागल्या. गाय दिवसभर शेपटीने त्या हाकलत होती. पण दहा उडाल्या की वीस येऊन बसत.

तेवढ्यात शेजारच्या खुराड्यातली कोंबडी आपली सहा पिल्ले घेऊन आली आणि कोपऱ्यात साचलेले शेण पायांनी भराभर उकरू लागली. चार शिंतोडे गाईच्या अंगावर उडाले.

"ए कोंबडे! इथे माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तू घाण पसरतेस?" गाईने खूर आपटला. एक पिल्लू थोडक्यात वाचले.

"ताई, या माश्या इथेच जन्मतात गं..."

"चालती हो! पुन्हा दिसलीस तर शिंगावर घेईन." कोंबडी पिल्लांना घेऊन निघून गेली.

चौथ्या दिवशी जखम सुजली. वासराने दूध तोंडात घेतले नाही. शेपूट हलवून हलवून गाईची कंबर भरून आली होती. हताश होऊन तिने मान वळवली, तर कोपऱ्यातले शेण वळवळताना दिसले. तांदळाच्या दाण्यांसारख्या असंख्य पांढऱ्या अळ्या! गाईच्या अंगावर काटा आला. कोंबडीचे बोलणे आठवून तिने खुराड्याकडे तोंड करून हंबरडा फोडला. कोंबडी आली, पण दाराशीच थबकली. तिची नजर गाईच्या खुरांवर होती. गाईला सारे उमगले. चारही पाय पोटाशी दुमडून ती खाली बसली.

"चुकले मी. ये ना आत."

"येते. पण ताई, उडणाऱ्या माश्या काही माझ्या हाती लागायच्या नाहीत. त्या तूच हाकल. ज्या उद्या उडणार आहेत, त्यांचे मी बघते. धीर धरशील?"

कोंबडी आणि पिल्ले शेण उकरून अळ्या टिपू लागली. गाईने धीर धरला. शिंतोडे तोंडावर उडाले तरी ती जागची हलली नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, माश्या तितक्याच. वासराचा श्वास ऐकत, शेपूट हलवत ती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र माश्या विरळ झाल्या. सहाव्या दिवशी जखमेवर खपली धरली आणि वासरू लटपटत उठून आईच्या कासेला ढुशा देऊ लागले. गाईने आधी त्याला चाटले आणि मग शेणाने माखलेल्या त्या कोंबडीलाही.

तात्पर्य : संकट हाकलत बसण्यापेक्षा ते जन्मते तिथेच त्याला गाठावे, आणि ती जागा दाखवणाऱ्याला, त्याचे पाय मळलेले आहेत म्हणून झिडकारू नये.