डोंगरमाथ्यावरची सुनावणी

फार पूर्वी, दूरदेशी शिकून आलेला तरुण धनेश पक्षी जंगलाचा न्यायाधीश झाला. कासवी दरवर्षी जिथे अंडी घाली, त्या तळ्याकाठच्या वाळूवर घोरपडीने हक्क सांगितला. काठावरचे सगळे कासवीचे सोयरे, म्हणून निःपक्षपातासाठी धनेशाने खटला डोंगरमाथ्यावर नेला.

ठरल्या दिवशी घोरपड सरसर वर आली. "कासवी कशाला येतेय, साहेब?" ती म्हणाली. दुपारपर्यंत वाट पाहून धनेशाने वाळू घोरपडीला दिली.

उडत परतताना त्याला अर्ध्या चढावर कासवी दिसली. तो खाली उतरला.

"उशीर नाही ना झाला, साहेब?" तिने धापा टाकत विचारले. "निरोप मिळाला तशी निघालेय. आज चौथा दिवस."

धनेशाला तिच्याकडे पाहवेना. "निकाल रद्द. सुनावणी तळ्याकाठीच होईल," तो पुटपुटला आणि पंख मिटून तिच्या चालीने डोंगर उतरू लागला.