तिळी मुंगी आणि चारचं पांढरं घर

एक होती मुंगी. नाव तिचं तिळी. तिळाएवढं डोकं, तिळाएवढं पोट. राहायची खिडकीच्या फटीत. खिडकी कुणाची? रेवूच्या स्वयंपाकघराची.

रेवू चार वर्षांची. तिळीची मैत्रीण. रेवूनं तिळीला कबूल केलं होतं, माझं बोरन्हाण झालं की मुकुटातला सगळ्यात मोठा हलव्याचा दाणा तुझा.

बोरन्हाण म्हणजे काय थाट! अंगात काळं झबलं. डोक्यावर हलव्याचा मुकुट. वरून पडतात बोरं आणि चुरमुरे. टपटप टपटप. खाली पोरांची झुंबड.

पण कधी? ते असायचं आईच्या मोबाईलमध्ये. मोबाईलमध्ये कॅलेंडर. कॅलेंडरात छोटी छोटी घरं. एका घरात पिवळा ठिपका. पिवळा ठिपका म्हणजे रेवूचं बोरन्हाण.

आधी ठिपका होता रविवारी. आजोबांचं काम निघालं. मग ठिपका गेला बुधवारी. आत्याला सवड नाही. मग ठिपका गेला शुक्रवारी. बाबांचा माल आला.

आज तिळी ठिपका बघायला आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर काय? ठिपकाच नाही.

उद्या रथसप्तमी. रथसप्तमी झाली की बोरन्हाण संपलं. आणि पुढच्या वर्षी रेवू मोठी. मोठ्यांना कोण घालतं बोरन्हाण?

मोबाईलवर उद्याचं पान उघडं होतं. तासातासाला एक घर. हिरवी घरं, हिरवी घरं. हिरवं म्हणजे आईचं काम. चारचं घर मात्र पांढरं. पांढरं म्हणजे रिकामं.

आई लाडू वळत होती. तिळी म्हणाली,

"आई, आई, वेळ सांग.
पिवळा ठिपका हरवला.
रेवूचं बोरन्हाण अडलं."

आईनं मान हलवली. "बाबांची वेळ कळू दे, मग मी सांगते. त्यांना दुकान सोडून यायचं. त्यांच्या आधी मी कशी सांगू? आणि हे बघ तिळी, दिवे लागायच्या आत ठरलं तर ठरलं. नंतर बोलावणी कधी करू?"

ऊन ओट्यावर आलं होतं. तिळी निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. मधे आली केरसुणी. सर्र, सर्र! तिळी भिंतीला चिकटली. केरसुणी गेली. तिळी पळाली.

पुढच्या खोलीत बाबांचं दुकान. सुतळीचं आणि दोरखंडांचं. तिळी एका दोरावरून चढली. गेली थेट कॉम्प्युटरवर. तिथं बाबांचं पान. निळी घरं, निळी घरं. चारचं घर मात्र पांढरं.

"बाबा, बाबा, वेळ सांगा.
आई थांबली बाबांसाठी.
पिवळा ठिपका हरवला.
रेवूचं बोरन्हाण अडलं."

बाबा सुतळी मोजत होते. म्हणाले, "आत्याची वेळ कळू दे, मग मी सांगतो. हलव्याचा मुकुट ती करणार. तिच्या आधी मी कसा सांगू?"

ऊन उंबऱ्यावर आलं होतं. तिळी निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. जिन्याच्या पायऱ्या चौदा. वर आत्याची शिकवणी. शिकवणी सुटली. धाड धाड धाड! पायच पाय, पायच पाय. तिळी एका खाचेत शिरली. पाय गेले. तिळी वर आली.

आत्याचा मोबाईल होता वहीवर. तिथं आत्याचं पान. लाल घरं, लाल घरं. चारचं घर मात्र पांढरं.

"आत्या, आत्या, वेळ सांग.
आई थांबली बाबांसाठी.
बाबा थांबले आत्यासाठी.
पिवळा ठिपका हरवला.
रेवूचं बोरन्हाण अडलं."

आत्या म्हणाली, "आजोबांची वेळ कळू दे, मग मी सांगते. ते घरात थोरले. त्यांच्या आधी मी कशी सांगू?"

ऊन अंगणात उतरलं होतं. तिळी निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. अंगणात चिमणी. चिमणीनं मान वाकडी केली. एक उडी मारली. दुसरी उडी मारली. तिळी वाळक्या पानाखाली गेली. गप्प. अगदी गप्प. चिमणी उडाली, भुर्रर्र.

आजोबा बसले होते बाकड्यावर. मांडीवर पाटीएवढा टॅब. तिथं आजोबांचं पान. नारंगी घरं, नारंगी घरं. चारचं घर मात्र पांढरं.

"आजोबा, आजोबा, वेळ सांगा.
आई थांबली बाबांसाठी.
बाबा थांबले आत्यासाठी.
आत्या थांबली आजोबांसाठी.
पिवळा ठिपका हरवला.
रेवूचं बोरन्हाण अडलं."

आजोबा हसायला लागले. म्हणाले, "आमच्या पेठेत एकदा अशीच गंमत झाली. नव्या दुकानाची पूजा. दारात पाच पाहुणे. आधी तुम्ही. छे छे, आधी तुम्ही. तासभर उन्हात उभे. आत कुणी जाईना. आत चहा निवला. शेवटी एक मांजर आलं. सगळ्यांच्या पायांतून आत गेलं. मग गेले सगळे."

आजोबांचं पोट हललं. टॅब हलला. टॅबवरची तिळीही हलली.

"मग सांगा ना वेळ," तिळी म्हणाली.

"माझं तसं नाही हं. गोदामावशीची वेळ कळू दे, मग मी सांगतो. गल्लीतली पोरं ती आणणार. पोरं नाहीत तर बोरं वेचणार कोण? तिच्या आधी मी कसा सांगू?"

ऊन कुंपणावर चढलं होतं. तिळी निघाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. गोदामावशी शेजारच्या घरात. मावशीनं बादली ओतली. सळसळ, सळसळ! पाणी आलं. पाणी जवळ आलं. तिळी गवताच्या काडीवर चढली. काडी वाकली. पाणी खालून गेलं. तिळीचे पाय भिजले, तिळी नाही भिजली.

मावशीचा मोबाईल गळ्यात. तिळी पदरावरून चढली. तिथं मावशीचं पान. जांभळी घरं, जांभळी घरं. चारचं घर मात्र पांढरं.

"मावशी, मावशी, वेळ सांग.
आई थांबली बाबांसाठी.
बाबा थांबले आत्यासाठी.
आत्या थांबली आजोबांसाठी.
आजोबा थांबले मावशीसाठी.
पिवळा ठिपका हरवला.
रेवूचं बोरन्हाण अडलं."

मावशीनं हनुवटीला बोट लावलं. "रेवूच्या आईची वेळ कळू दे, मग मी सांगते. बोलावणारी ती. बोलावण्याआधीच येते म्हणू? बरं दिसतं का ते? तिच्या आधी मी कशी सांगू?"

तिळी मटकन खाली बसली.

आई थांबली बाबांसाठी.
बाबा थांबले आत्यासाठी.
आत्या थांबली आजोबांसाठी.
आजोबा थांबले मावशीसाठी.
आणि मावशी? मावशी थांबली आईसाठी.

गोल गोल, गोल गोल. आता जायचं कुणाकडे?

ऊन झाडाच्या शेंड्यावर होतं. एवढंसंच. टिकलीएवढं.

आई बघते आईचं पान. बाबा बघतात बाबांचं पान. पाचांची पाच पानं. पाचही पानं पाहिली कुणी? एकट्या तिळीनं. आणि पाचही पानांवर चारचं घर पांढरं.

आधी कुणी जाईना. मग तिळीला आठवलं आजोबांचं मांजर.

तिळी उठली. तुरुतुरु, तुरुतुरु. कुंपणाखालून. अंगणातून. उंबऱ्यावरून. स्वयंपाकघरात. ओट्यावर.

ओट्यावर हळदीचा डबा. झाकण जरासं उघडं. हळद मुंग्यांना मुळीच सोसत नाही. नाकाला झोंबते. डोळ्यांत पाणी येतं. मुंग्या हळदीच्या वाटेलाही जात नाहीत.

तिळी गेली.

डोळे मिटले. उडी मारली. फुस्स! आत काळी गेली, बाहेर पिवळी आली. पिवळं डोकं, पिवळं पोट.

आईचा मोबाईल तिथंच होता. उद्याचं पान उघडं होतं. तिळी गेली चारच्या घरात. पाय पोटाशी घेतले. बसली. हलायचं नाही. बोलायचं नाही. ठिपके बोलतात का कधी?

ऊन गेलं. आईनं दिव्याची काडी शोधली. रेवू आली. हळूच म्हणाली, "आई, उद्या माझं?"

आईनं रेवूचे केस सारखे केले. "नाही जमत गं, बाळ." तिनं मोबाईल बंद करायला उचलला.

आणि थांबली.

"अगं बाई. चारच्या घरात ठिपका! पिवळाच आहे. हे आजोबांचंच काम. बघू, काय लिहिलंय?"

आईचं बोट आलं. खाली आलं. आणखी खाली आलं. तिळीवर सावली पडली. नाकात हळद गेली. शिंक आली. तिळीनं शिंक धरली. बोट आणखी खाली आलं. शिंक आणखी वर आली.

रेवूनं नीट पाहिलं. ठिपक्याला सहा पाय होते.

तिनं आईचं बोट घट्ट धरलं. मग म्हणाली, "हात नको लावू, आई. माझा ठिपका आहे."

आई हसली. "बरं बाई. चार तर चार. माझं चारचं घर रिकामंच आहे." तिनं एक बटण दाबलं. 'सगळ्यांना दाखवा.' आईचं पान सगळ्यांना दिसलं.

टिंग!

गोदामावशीच्या गळ्यात मोबाईल वाजला. आईची वेळ कळली. मावशीनं आपलं पान दाखवलं.

टिंग!

आजोबांच्या मांडीवर टॅब वाजला. मावशीची वेळ कळली. आजोबांनी आपलं पान दाखवलं.

टिंग!

आत्याच्या वहीवर मोबाईल वाजला. आजोबांची वेळ कळली. आत्यानं आपलं पान दाखवलं.

टिंग!

दुकानात बाबांचा कॉम्प्युटर वाजला. आत्याची वेळ कळली. बाबांनी आपलं पान दाखवलं.

टिंग!

पाचही पानं आली आईच्या मोबाईलमध्ये. आईनं ती एकावर एक ठेवली. मोबाईलला येतं ते. इतके दिवस कुणी केलंच नव्हतं.

जांभळा रंग आला, एकच्या घरात पडला. नारंगी रंग आला, दोनच्या घरात पडला. लाल आला तीनच्या घरात. तिळीच्या शेजारीच. निळा आला पाचच्या घरात. तोही शेजारीच. तिळीनं अंग आणखी चोरलं.

पान सगळं रंगांनी भरलं. मधोमध एकच घर पांढरं. चारचं घर. त्यात एक पिवळा ठिपका.

घरातले सगळे धावत आले. मावशीही आली. पाच डोकी एका मोबाईलवर.

आजोबा म्हणाले, "शाब्बास. ठिपका टाकला कुणी?"

आई म्हणाली, "तुम्ही ना?"

"मी नाही. बाबांनी टाकला असेल."

"मी नाही. आत्यानं."

"मी नाही. मावशीनं."

"मी कशी टाकीन बाई, बोलावण्याआधी?"

तेवढ्यात ठिपका शिंकला.

आक्‌छी!

हळद उडाली. ठिपका झाला काळा. ठिपक्याला आले सहा पाय. पाची जण बघत राहिले. मग आजोबांचं पोट हललं. इतकं हललं, इतकं हललं, की ते खाली बसले. म्हणाले, "पेठेतलं मांजर बघा. केवढुसं झालं."

आईनं चारच्या घरात खराखुरा पिवळा ठिपका टाकला. मग दिवा लावला. मग बोलावणी केली.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. टण टण टण टण.

रेवू बसली पाटावर. अंगात काळं झबलं. डोक्यावर आत्यानं केलेला मुकुट. बाबा आले दुकान सोडून. मावशी आली पोरं घेऊन. आजोबा बसले सगळ्यांत पुढे. आईनं सूप भरलं.

बोरं पडली टपटप. चुरमुरे पडले भुरभुर. पोरं वेचायला वाकली. सगळे वाकले.

एकटी रेवू उठली. डोक्यावर हात नेला. मुकुटातला सगळ्यात मोठा दाणा काढला. पांढरा पांढरा, काटेरी काटेरी. खिडकीच्या फटीशी गेली. दाणा तिथं ठेवला.

दाणा तिळीपेक्षा मोठा. खूपच मोठा. तिळीनं ढकलला. हलला नाही. पुन्हा ढकलला. जरासा हलला.

फटीतून आल्या मुंग्या. पाच मुंग्या. दाण्याभोवती उभ्या राहिल्या. पहिली म्हणाली, आधी तू धर. दुसरी म्हणाली, छे छे, आधी तू.

तिळीनं कुणालाच विचारलं नाही. तिनं दाणा धरला.

मग धरला सगळ्यांनी. हैया हो, हैया हो.

दाणा गेला फटीत. गोष्ट गेली पोटात. आता हात वर करा बघू. आधी कोण?