दर घरामागे एक माणूस

एकदा एका बंदरनगरीत कापड रंगवणारे कोणी उरले नाही. तेव्हा राजाचा तरुण कारभारी अच्युत याने सुचवले, "परदेशातून जो कारागीर येऊन इथे वसेल, त्याला सात वर्षे कर माफ करावा." दवंडी पिटली गेली. समुद्रापलीकडून बहराम नावाचा रंगारी बायकामुलांसह आला आणि त्याच्या मागोमाग आणखी कितीतरी घरे आली. ओस पडलेली पेठ पुन्हा गजबजली.

पण काही वर्षांनी शेजारच्या राजाने दहा वर्षांची माफी जाहीर केली, आणि बहराम गाडी भरू लागला. तो निघाला की बाकीचेही निघणार, हे उघड होते. अच्युताच्या तोंडचे पाणी पळाले. तो धावत आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेला.

"गुरुजी, आपण पंधरा वर्षांची माफी देऊ का?"

"आता आणखी काही देऊ नकोस," आचार्य म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

त्यांनी एक रिकामी पाटी घेतली, बहरामच्या दारात नेऊन ठेवली आणि म्हणाले, "बहरामभाई, उद्या गावतळ्यातला गाळ काढायचा आहे. दर घरामागे एक माणूस, अशी इथली रीत. तुमच्या घरून कोण येणार?"

अच्युत शरमेने अर्धा झाला. ज्याची मनधरणी करायची, त्यालाच वेठीला धरायचे?

बहराम मात्र पाटीकडे पाहतच राहिला. "आम्हीसुद्धा यायचे?"

"पाणी याच तळ्याचे पिता ना?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरून सगळेच आले. शेजारचे परदेशीही आले. उतारावर बहरामचा पाय घसरला आणि तो बदकन चिखलात बसला. हसावे की नाही, कोणाला कळेना. मग तोच खदखदून हसला. त्याला हात द्यायला गेलेले नगरशेठही आत कोसळले, तेव्हा तर अख्खे तळे हसू लागले. दुपारपर्यंत देशी कोण नि परदेशी कोण, ओळखू येईना. जेवताना नगरशेठांच्या आईने बहरामच्या बायकोला बळेच दुसरी भाकरी वाढली आणि आपल्या विटक्या लुगड्याचा पदर पुढे केला. "बाई गं, हा पुन्हा डाळिंबी होईल का?"

संध्याकाळी बहरामने गाडी रिकामी केली.

"गुरुजी, मी एवढे दिले तरी तो निघाला होता," अच्युत म्हणाला. "तुम्ही उलट मागितलेत, आणि तो राहिला. हे कसे?"

आचार्य पायांचा चिखल धूत होते. "तुझी माफी चुकीची नव्हती, बाबा. तिच्यामुळेच तो आला. पण पाहुण्याकडे आपण काही मागत नाही. मागतो ते घरच्यांकडे. इतकी वर्षे आपण त्याला पाहुणाच ठेवले. आणि पाहुणा, जिथे पंगत मोठी, तिथे जायचाच."

पुढच्या उत्सवाची वर्गणी मागायला अच्युत स्वतः परदेशी आळीत गेला आणि घरोघरचा फराळ खाऊन परतला.

माफीची मुदत संपली त्या सकाळी बहराम कोणी न बोलावता चावडीवर हजर झाला. त्याने कर भरला आणि पेढ्यांचा पुडा पुढे केला.

"हे कशाबद्दल?" अच्युताने विचारले.

"आज मी पुरता गावकरी झालो, कारभारी!"

अच्युत हसला, आणि पहिला पेढा घेऊन आचार्यांच्या घराकडे निघाला.